बाटलीचं झाकण उघडून बघा

शिरूर कासारहून बोलते आहे. आजचा विषय अगदी साधा, पाण्याच्या बाटलीचा. ती स्टीलची जाड बाटली, जिच्यात थंड पाणी थंड राहतं आणि गरम पाणी गरम. आता बहुतेक घरांत एखादी तरी असतेच. कोणी लेकराला शाळेसाठी घेतली, कोणी कारखान्यावर निघायच्या आधी बाजारातून आणली, कोणाला लग्नात आहेर म्हणून मिळाली. चारपाचशे रुपयांची वस्तू आहे. दिवसाच्या मजुरीतून घेतलेली आहे. म्हणून ती टिकावी असं वाटतं.

पण तीनचार महिने झाले की तक्रार सुरू होते. गटाच्या बैठकीला हप्त्याचा हिशेब उरकला की कोणीतरी पिशवीतून बाटली काढते. "ताई, रोज धुते हो, तरी वास मारती. लेकरू त्यातलं पाणी पीतच नाही, भरलेली तशीच घरी आणतंय." दिवसभर लेकरू पाणी न पिता शाळेत बसतं, हे मला त्या वासापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

मी अशा वेळी बाटली बाजूला ठेवते आणि झाकण हातात घेते. झाकणाच्या आत रबरासारखी एक गोल रिंग असते, कोणी तिला वायसर म्हणतं. चमच्याच्या दांड्यानं ती हळूच उचलून काढली की खालच्या खाचेत काय काय निघतं ते बघा. काळी बुरशी, चिकट शेवाळ, कधी बिस्किटाचा चिखल. बाटलीचं पोट आरशासारखं लख्ख असतं आणि वास येत असतो तो इथून. कुकरची रिंग आपण रोज काढून धुतो की नाही? तसंच हे आहे. फक्त बाटलीची रिंग निघते, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्या आज्या गावाला जाताना फिरकीचा तांब्या न्यायच्या. पितळेचा, वर आटे असलेलं झाकण, ते फिरवून घट्ट बसायचं. त्यात रबर नव्हतं, नळी नव्हती, बटन नव्हतं. चिंच लावून घासला की झालं. आणि मुख्य म्हणजे त्यातलं पाणी वरून ओतून प्यायचे, तोंड कोणी लावायचं नाही. (आमच्या तर गावाच्या नावातच कासार आहे, त्यामुळं भांड्याबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आम्हाला आहे असं मी समजते.) आताच्या बाटलीला तोंड लावावं लागतं. लेकरू खिचडी खाता खाता पाणी पितं, शीत आणि लाळ मागं जाते, झाकणात अडकते. तांब्याची सवय बाटलीला लावून चालत नाही, ते यामुळं.

ही बाटली बनते कशी, ते कळलं की काय करायचं नाही हे आपोआप कळतं. तिला दोन भिंती असतात, एकात एक बसवलेली दोन भांडी म्हणा. मधल्या जागेतली हवा काढून घेतलेली असते. हवाच नाही, तर उष्णता त्या जागेतून सहज जाऊ शकत नाही. १८९२ साली लंडनमध्ये जेम्स ड्युअर नावाच्या शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेतले अतिथंड द्रव ठेवायला असं काचेचं भांडं केलं. पुढं १९०४ मध्ये जर्मनीतल्या एका कंपनीनं ते घरोघरी विकायला आणलं आणि त्याला थर्मास हे नाव पडलं. आपल्याकडचा दवाखान्यात चहा न्यायचा ईगलचा थर्मास पुष्कळजणींना आठवत असेल. तो पुण्याजवळ तळेगावला बनायचा. तो काचेचा होता, पडला की खळ्ळकन आवाज आला आणि गेला. आताची बाटली स्टीलची आहे, फुटत नाही. पण जोरात आपटून वाकली आणि आतली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकली, की तिथून उष्णता जायला वाट होते. बुडाशी एक लहानसं गोल झाकण किंवा चकती चिकटवलेली असते, ती खरवडून काढू नका. हवा काढून तोंड बंद केलेलं असतं ते बहुधा तिथंच.

म्हणून ही बाटली गॅसवर किंवा चुलीवर ठेवून उकळायची नाही. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवायची नाही, कारण पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं आणि आतली भिंत वाकते. आणि आतून तारेच्या घासणीनं किंवा वाळूनं घासायची नाही, चरे पडले की घाण त्या चऱ्यांत बसते. लांब दांड्याचा ब्रश बाजारात मिळतो, पन्नासेक रुपये घालवा. ब्रश नसेल तर मूठभर तांदळाची कणी, थोडं कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून बाटली मिनिटभर खळखळा हलवा. चांगली निघते. कणी मग फेकून द्या, कोंबड्यांना नको, साबण आहे त्यात.

रोजचं काम एवढंच. संध्याकाळी उरलेलं पाणी झाडाला ओता, साबणानं आतून घासा, झाकण वेगळं घासा, बटन असेल तर साबणाच्या पाण्यात चारसहा वेळा दाबा म्हणजे आतून फेस फिरतो. नळी असेल तर ती ओढून काढा आणि जाड दोऱ्याला चिंधीची गाठ मारून आरपार ओढा. रिंग रोज काढायला जमणार नाही हे मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा काढा, बाजाराच्या दिवशी म्हणा, म्हणजे विसरत नाही. दूध, सरबत, गोड चहा असं काही भरलं असेल तर मात्र त्याच दिवशी काढायची.

आणि वाळवणं. हे बहुतेकजणी चुकवतात असं बघण्यात आहे. बाटली धुतली, ताटात पालथी घातली, सकाळी उचलून परत भरली. पालथ्या बाटलीचं तोंड ताटाला चिकटलेलं असतं, आतला ओलावा बाहेर जाणार कुठून? तिरकी टेकवून ठेवा, तोंडाखालून वारा जाईल अशी. झाकण, रिंग, नळी कापडावर सुटी पसरा. शाळा सुटली, मे महिना लागला की बाटली झाकण लावून माळ्यावर टाकू नका. झाकण उघडंच ठेवा आणि पाल, झुरळ जाऊ नये म्हणून तोंडाला पातळ फडकं बांधा. जूनमध्ये काढाल तेव्हा वास नसेल.

आता आपल्या भागातली खास अडचण. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसतो. तोच थर बाटलीत बसतो. हात लावला की खरखरीत लागतो, आणि त्या खरखरीत जागी घाण धरून बसते. साबणानं तो निघत नाही, कितीही घासा. तो चुन्यासारखा क्षार आहे, त्याला आंबट लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ढोकळ्यात घालतात ते. कोणी सायट्रिक ॲसिड म्हणतं. लिटरभर कोमट पाण्यात एक लहान चमचा घाला, बाटलीत भरा आणि झाकण न लावता तासभर ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील, म्हणजे थर सुटतोय. मग ब्रश फिरवा आणि दोनतीनदा चांगल्या पाण्यानं खळखळा. कधी आत तांबूस ठिपके दिसतात आणि बाई घाबरते की स्टील गंजलं. बहुतेक वेळा तो पाण्यातल्या लोखंडाचा डाग असतो आणि याच उपायानं जातो. यानंही गेला नाही आणि हाताला खड्डे लागले, तर मात्र स्टीलच खाल्लं गेलंय असं समजा.

वास घालवायला वेगळा उपाय, खायचा सोडा. दोन चमचे सोडा, गरम पाणी, रात्रभर तसंच, झाकण न लावता. सकाळी धुऊन टाका. झाकण आणि रिंगही एका वाटीत त्याच पाण्यात बुडवून ठेवा. पण लक्षात ठेवा, सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करायचं नाही. लोकांना फसफसणं बघून वाटतं लई जोरदार सफाई चाललीय. खरं तर आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात, थर तसाच राहतो. आणि त्यावर झाकण लावलं तर आत वायू कोंडून झाकण तोंडावर उडेल.

टीसीएल पावडर किंवा ब्लीच बाटलीत टाकून ठेवायचं नाही, स्टीलला बारीक खड्डे पडतात. आशाताई मेडिक्लोरची बाटली देतात, ते थेंब त्या सांगतील त्या मापानं हंड्यात टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि मग त्या पाण्यानं बाटली भरायची. स्वच्छ बाटलीत खराब पाणी भरलं तर पाणी खराबच राहतं, हेही सांगून ठेवते. टँकरचं पाणी असेल तर जास्तच जपा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातून गाड्या भरून कोयते ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. अंधारात उठायचं, भाकरी बांधायची, फडात जायचं. त्या बायांसाठी थोडं सावकाश बोलते. मोठं पाणी गोणपाट गुंडाळलेल्या कॅनमध्ये असतं. गोणपाट ओलं ठेवलं की पाणी गार राहतं, ते चांगलंच आहे. बाटली असते ती लेकरासाठी. तिच्यात सकाळी कोमट दूध भरतात, दुपारपर्यंत पाजायला. मैत्रिणींनो, हे करू नका. बाटली दूध उकळतं ठेवत नाही आणि गारही करत नाही, नुसतं कोमट ठेवते, आणि जंतूंना वाढायला कोमट दुधासारखी जागा नाही. लेकरू अंगावर पीत असेल तर फडात थांबून अंगावरच पाजा. मोठं असेल तर दूध कोपीवरून निघायच्या आधी पाजून निघा, बाटलीत उकळून गार केलेलं पाणी न्या. ताकही बंद बाटलीत दिवसभर नको, ते आंबतं, आत वायू धरतो आणि स्टीलही खराब करतं.

लेकराला जुलाब लागले आणि ओआरएस केलं, तर आधी आपली बाटली किती मापाची आहे ते बघा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पुष्कळ बाटल्या पाऊण लिटरच्या असतात, काही अर्ध्या लिटरच्या. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि ते लेकराला अपाय करतं. लिटरभराच्या भांड्यात कालवा आणि मग बाटलीत भरा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. रिंग काढून बाटली लगेच धुवा, मीठ आणि साखर दोन्ही आहे त्यात. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरत नाही, तर बाटलीत वेळ घालवू नका, जवळच्या दवाखान्यात न्या.

बाया स्वतः पाणी कमी पितात, ते वासामुळं नव्हे. फडात जायला आडोसा नसतो म्हणून. मग लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी. बाटली घासून हा प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. आडोशाचं बोलणं मुकादमाशी निघायच्या आधी, उचल घेताना करायचं असतं, फडात गेल्यावर कोणी ऐकत नाही. चारपाच कोयत्यांच्या बायांनी मिळून बोलावं.

नवीन बाटली घेणार असाल तर तोंड रुंद बघा, हात नाही तरी ब्रश सहज जायला हवा. झाकण साधं, फिरवून लावायचं. बटनाची, नळीची, चित्रांची बाटली लेकरू मागेल, पण ती धुवायची आपल्यालाच असते. दुकानदाराला विचारा, रिंग आणि झाकण सुटं मिळतं का. रिंग सैल पडली, चिरली की बाटली गळते, आणि वीस रुपयांच्या रिंगेपायी चारशेची बाटली अडगळीत जाते. आयएसआयची खूण बघा. २०२३ साली केंद्र सरकारनं पाण्याच्या बाटल्यांना आणि घरगुती थर्मासना ही खूण सक्तीची करणारे आदेश काढलेत. बाहेरून प्लास्टिक आणि मध्ये फोम असलेली बाटली घेतली असेल तर ती पूर्ण पाण्यात बुडवू नका. फटीतून फोममध्ये पाणी शिरलं की ते वाळत नाही. हलवून बघा, रिकाम्या बाटलीतून किंवा झाकणातून खळखळ आवाज आला, तर पाणी आत शिरलंय आणि ती आता पिण्याच्या कामाची नाही.

जुन्या स्टीलच्या बाटलीत पाणी गार राहत नाही अशी शंका असेल तर उकळतं पाणी भरा, झाकण लावा, दहा मिनिटांनी बाहेरून पोटाला आणि बुडाला हात लावा. मानेजवळ थोडं गरम लागणारच. पण पोट गरम लागलं तर मधली पोकळी गेली, ती दुरुस्त होत नाही. भंगारवाल्याला देऊ नका मात्र. साधी बाटली म्हणून अजून वर्षानुवर्षं चालेल. नाहीतर पूर्ण कोरडी करून परसातल्या भोपळ्याचं, दोडक्याचं बी त्यात भरून ठेवा. झाकण घट्ट असलं की बियाला ना ओल लागते ना उंदीर.