मुंबई पाहायला निघताना

सुट्टीत मुंबई पाहायला निघालात? मग काही गोष्टी ध्यानात ठेवा.

सीएसएमटी स्थानकावर उतरल्यावर सामान उचलायला कुणी पुढे आलं, तर आधी त्याचा बिल्ला पाहा आणि मजुरी ठरवूनच बॅग हातात द्या. काळी-पिवळी टॅक्सी घेताना ‘मीटरनं चला’ असं बसण्याआधीच सांगा. मीटर तुमच्यासमोर सुरू होऊ द्या. पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं असतं, पुढे आकडा चढत जातो.

घारापुरीची लेणी पाहायला जायचंय? गेटवे ऑफ इंडियावर बोटीचं तिकीट खिडकीवरच घ्या. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी ‘चला, आत नेऊन दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

लोकलच्या दारात मोबाइल हातात धरून उभे राहू नका. गाडी सुटता सुटता फलाटावरून हात येतो आणि फोन जातो. गर्दीत पाठीवरची सॅक पोटाशी घ्या.

खोलीचे आगाऊ पैसे भरण्याआधी हॉटेलच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागतच नाही.

तरीही फसवणूक झाली, तर लाजू नका, थांबू नका. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, रेल्वेत १३९, तातडीच्या मदतीसाठी ११२. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाचण्याची शक्यता जास्त. हे तीन क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच नोंदवा.