मैदानाची स्मरणवही



राजाराम महाविद्यालयात घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले, हे निकालपत्रक सांगते. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे मात्र माणसांच्या आठवणींनी जपले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. विचारावयाचे राहिले, ते राहिलेच.

व्हाइटफील्डला मुलांकडे राहावयास आलेले आपले कित्येक वडीलधारे एकेकाळी विद्यापीठांच्या संघांतून कबड्डी, खो-खो खेळले आहेत. आम्ही त्यांच्या गुडघ्यांचीच तेवढी विचारपूस करीत आलो! तिसऱ्या वर्गाचा प्रवास, उसने बूट, राखीव खेळाडूंची नावे दप्तरांत सहसा सापडत नाहीत. यापुढे दर रविवारी आम्ही ध्वनिमुद्रणासाठी त्यांच्या घरी येऊ. हरलेले सामने आधी सांगावेत, ही विनंती.