पडद्यावाचूनचे संगीत नाटक



संगीत नाटक म्हटले की आपल्याला किर्लोस्करांचे १८८० चे ‘शाकुंतल’ आणि बालगंधर्वांचे भरजरी शालू आठवतात. ते वैभव खरेच. पण १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, ते शालूंच्या बळावर नव्हे. ढोलकी, डफ आणि कसलेला गळा, एवढेच भांडवल. अण्णा भाऊंनी तमाशातली गवळण वगळली, गणात मातृभूमीला वंदन केले आणि वगातून कामकऱ्याचे जिणे बोलते केले.

याला कोणी हलकी कला म्हणू नये. पडदा नसला की स्थळ शब्दांनी उभे करावे लागते. श्रोता दोन हातांवर असला की चुकलेला ताल लपत नाही. आपल्या खानदेशातले वहीगायनही असेच गावच्या चौकात, चारचौघांच्या नजरेसमोर रंगते.

आम्ही कामगार मजुरीचा हिशेब जाणतो. मोठ्या नाट्यगृहात आपण तिकीट काढतो. लहान पथकाची मात्र हार आणि चहावर बोळवण करतो. टाळी म्हणजे रोज नव्हे! पुढच्या उत्सवात पथक बोलवाल, तेव्हा आधी मानधन ठरवा आणि मग शेवटपर्यंत बसून ऐका.