माथेरानची बाग आणि तिचे उपकारकर्ते

(ज्युबिलीच्या समारोप-सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



परमेश्वराच्या अपार कृपेने आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली आज पार पडत आहे. सकाळी पवित्र मिस्सेत आपण त्याची उपकारस्तुती केली. ह्या सभेत देणगीदारांचे, गायकवृंदाचे, वेदी सजविणाऱ्या भगिनींचे व स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे आभार मानून झाले, ते यथायोग्यच झाले. परंतु ज्यांचे उपकार आपण वर्षानुवर्षे घेत आलो आणि ज्यांचे नाव आपल्या कोणत्याही यादीत नाही, अशा काही माणसांविषयी बोलावे असे आज माझ्या मनात आहे. आपल्या माथ्यावर जी सार्वजनिक बाग आहे, तिची राखण करणारी ही माणसे होत.

बाग कोणती, असे कोणी विचारील. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर ह्यांपैकी कोठेही उभे राहून मान वर करा, ती दिसेल. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. त्या गावात पेमास्टर पार्क आहे, नौरोजी लॉर्ड ह्यांच्या नावाचे उद्यान आहे. पण खरे पाहता सुमारे 2,600 फूट उंचीवरचा तो सबंध डोंगरमाथाच, जांभूळ, हिरडा व अंजनीच्या सावलीसह, सर्वांना खुले असलेले एक उद्यान आहे. तेथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडीला मज्जाव आहे. मुंबईहून दोन-तीन तासांत येणाऱ्या माणसाला पक्ष्याचा आवाज ऐकू यावा, एवढी शांतता त्यामुळे तेथे टिकून राहिली आहे.

ही बाग आपणांस कोणी दिली, ह्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांचा मुक्काम आपल्या खालापूर तालुक्यातील चौक गावी होता. तेथून ते डोंगर चढून गेले व पुढे त्यांनी तेथे घर बांधले. त्यांचे नाव तेथील झऱ्याला आजही आहे. परंतु ज्या डोंगरात ठाकूर, कातकरी व धनगर पूर्वापार वावरत होते, तो डोंगर त्यांना अज्ञात होता काय? साहेबांनी डोंगर पाहिला तो ह्याच लोकांच्या पायवाटांनी. पण त्यांची नावे झऱ्यालाही नाहीत, टोकालाही नाहीत.

पुढे 1904 ते 1907 ह्या काळात नेरळ-माथेरान ही चिमुकली रेल्वे झाली. सर आदमजी पीरभॉय ह्या मुसलमान व्यापाऱ्याचा सुमारे सोळा लक्ष रुपये पैसा तीत लागला व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन ह्यांनी ती पुरी करविली. वीस किलोमीटरांच्या त्या वळणावळणाच्या मार्गासाठी मजुरांनी खडक फोडला. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला, तेव्हा तो पुन्हा उभा करण्यास 2007 साल उजाडले. त्या वेळीही पाठीवर दगड वाहिले ते हातावर पोट असणाऱ्यांनीच. बागेला पारशांचे नाव, रेल्वेला मुसलमानाचा पैसा, वाटेला आदिवासींचे पाऊल आणि गावाला हुतात्मा भाई कोतवाल ह्यांच्या जन्मभूमीचा मान! परमेश्वराच्या बागेला जातीचे कुंपण नसते, ह्याचा पुरावा शोधण्यास आपणांस दूर जावयास नको.

ही बाग आपोआप वाचलेली नाही. मुंबईच्या बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप ह्या संस्थेने व इतर सुजाण नागरिकांनी चिकाटी धरली, आणि 2003 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्या नियमांमुळे आपल्यापैकी काहींना बांधकामाची अडचण होते व ते कुरकुर करतात, हे मी जाणून आहे. तथापि पूर्वेच्या उतारावरचे ओहोळ आपल्या उल्हास नदीला मिळतात आणि चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. रान राहिले तर पाणी राहील, हे शेतकऱ्याच्या मुलांना मी काय सांगावे?

परंतु कायदा कागदावर असतो. झाडू हातात असतो. आता मी त्या हातांकडे वळतो, आणि तसे करताना मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नव्यानेच ह्या भागात आलो होतो, तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन माथेरानला गेलो. झाडाखाली बसून आम्ही डबे सोडले, प्रार्थना म्हटली, जेवलो, भजन गाइले. उठताना कागद, पिशव्या, खरकटे तेथेच राहिले. काही अंतर गेल्यावर एका मुलाने मागे वळून पाहिले. डोक्याला पदर घट्ट बांधलेली एक प्रौढ बाई आमचे उष्टे वाकून वाकून टोपलीत भरीत होती. मुलगा म्हणाला, "फादर, ती आपलं उचलतेय." मी चालता चालता उत्तर दिले, "अरे, तिचे ते कामच आहे. तिला त्याचा पगार मिळतो." मुलगा गप्प झाला. माघारी जाऊन तिच्याशी दोन शब्द बोलण्यास पाच मिनिटेही लागली नसती. मी गेलो नाही.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मी त्या मुलाला धर्मशिक्षणाचा एक धडा दिला आणि तो खोटा होता. पगाराने श्रमाचा मोबदला चुकतो, उपकार फिटत नाही. सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, पवित्र मिस्साबलिदानाचे जे मूळ ग्रीक नाव आहे त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. जेवणाआधी परमेश्वराचे आभार मानणारा आणि जेवणानंतर त्या बाईचे आभार न मानणारा मी, ते नाव विसरलो होतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले व त्यांतला एकच आभार मानण्यास परत आला, हे शुभवर्तमान मी वेदीवरून कितीदा तरी वाचले आहे. त्या दिवशी मी उरलेल्या नवांमध्ये होतो.

नंतर मी डोळे उघडून पाहू लागलो. वर मोटार जात नाही. म्हणून तेथे पिठाची गोणी, गॅसची टाकी, आजाऱ्याची डोली, पाहुण्यांच्या पेट्या, सारे काही माणसांच्या डोक्या-खांद्यांवर, हातगाडीवर किंवा घोड्याच्या पाठीवर येत आले आहे. लाल मातीच्या वाटा पावसात वाहून जातात व दरवर्षी पुन्हा बांधाव्या लागतात. घोड्यांची लीद रोज उचलावी लागते. नेरळच्या बाजूने पाणी पंपांनी वर चढवावे लागते. रोपे लावणारे माळी आहेत, वणवा विझविणारे वनरक्षक आहेत, भल्या पहाटे कचरा वेचणाऱ्या बाया आहेत. आपण तेथे 'निसर्ग' पाहून येतो. त्या निसर्गामागे एवढे घामाचे हात असतात.

आणि हे हात राहतात कोठे? पुष्कळदा उतारावरच्या वाड्यांत. 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली व झोपलेली ठाकूर कुटुंबे मातीखाली गेली. डोंगर आपणांस शोभा देतो, त्यांना निवारा देतो, आणि कधी त्यांचा प्राणही घेतो. अशा लोकांविषयी कृतज्ञता म्हणजे गोड शब्द नव्हेत. त्यांच्या सुखदुःखात भागीदारी होय.

पवित्र शास्त्राचा आरंभ एका बागेत होतो. परमेश्वराने मनुष्याला तेथे ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. प्रभूने आपल्या दुःखसहनाची रात्र बागेत काढली. पुनरुत्थानाच्या पहाटे माग्दालीयेच्या मरियेने त्याला पाहिले, तेव्हा तिला तो माळी वाटला. त्या माऊलीची ही चूक मला फार गोड वाटते. ज्याला आपण माळी समजून बाजूने निघून जातो, तो कोण असेल हे आपणांस कोठे ठाऊक असते?

ज्युबिली ह्या शब्दाकडेही लक्ष द्या. लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, त्या वर्षी जमीन पेरू नये, तिला विसावा द्यावा, अशी आज्ञा आहे. ज्युबिली ही केवळ माणसांची मेजवानी नव्हे, भूमीचाही तो सण आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रातून सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले, ते ह्याच परंपरेला धरून.

म्हणून ज्युबिलीची आठवण म्हणून दगडी पाटी बसविण्याऐवजी मी तुम्हांपाशी तीन गोष्टी मागतो. डोंगरावर जाल तेव्हा आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणा, आणि दुसऱ्याचाही मूठभर आणा. माकडांना खाऊ घालून त्यांची व रहिवाशांची खोडी काढू नका. आणि तिसरी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत अवघड: झाडू मारणाऱ्याला, हमालाला, घोडेवाल्याला त्याचे नाव विचारा, आणि त्या नावाने त्याचे आभार माना. येत्या हिवाळ्यात वर्गातील मुलांना मी पुन्हा वर नेणार आहे. ती बाई आता तेथे असेल की नाही, देव जाणे. परंतु तिच्या जागी जी कोणी असेल, तिच्यापाशी मुलांसमक्ष जाऊन मी हात जोडणार आहे. ज्या मुलाला मी चुकीचे शिकविले, तो आता संसारी झाला असेल. हे भाषण त्याच्या वाचनात आले, तर त्याने आपल्या म्हाताऱ्या फादरला क्षमा करावी.

बागेच्या धन्याने बाग राखणाऱ्या प्रत्येक हाताला बळ द्यावे, उतारावरच्या प्रत्येक घराचे रक्षण करावे, आणि आपणां सर्वांस कृतज्ञ अंतःकरण द्यावे, अशी प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. आमेन.