आत्ता जवळ कोणी आहे का?



फोन जोडला गेला, नमस्कार-चमत्कार झाले, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आत्ता जवळ कोणी आहे का?" उत्तरं नाना तऱ्हेची येतात. "सासूबाई बाहेरच्या खोलीत आहेत, पण त्यांची मालिका लागलीय." "मी गच्चीवर आलेय, टाकीच्या मागे." "पार्किंगमध्ये गाडीत बसलोय, काचा वर करून." एका बाईंनी सांगितलं, "दळण टाकलंय, गिरणीबाहेरच्या बाकावर आहे. नंबर यायला अर्धा तास लागेल." त्या अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं आम्ही केलं. गिरणीच्या आवाजात शेजारच्याला काही ऐकू जात नव्हतं, हा आणखी एक फायदा. मला मात्र दर वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणावं लागत होतं.

मी कौटुंबिक जीवन शिक्षणाचं काम करते, आणि गेली काही वर्षं ते घरी बसून, फोनवर आणि संगणकावर करते. लग्न ठरलेली मुलंमुली, वयात येणाऱ्या मुलांचे आईवडील, निवृत्त होऊन घरी बसलेले गृहस्थ आणि त्यांच्या घरी बसण्याने कावलेल्या त्यांच्या पत्नी, हे माझे विद्यार्थी. मी डॉक्टर नाही, वकील नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. घरातले बरेचसे पेच माहिती नसल्यामुळे पडतात आणि मग त्यांचं खापर कुणाच्या तरी स्वभावावर फुटतं. ती माहिती द्यायची आणि ती घरात वापरायची कशी, याचा सराव करून घ्यायचा, एवढंच माझं काम.

पंधरा वर्षांचा मुलगा रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी हाका मारून घसा बसला तरी उठत नाही. घरातले म्हणतात, आळशी झालाय, मोबाइलने वाया गेलाय. मोबाइलचा वाटा असतोच. पण वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलॅटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवायला लागतं, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. एवढं कळलं म्हणून मुलगा लगेच पहाटे उठत नाही, पण सकाळची शिवीगाळ थांबते.

त्याच घरात आणखी एक गोष्ट चालू असते. लेकीची पाळी सुरू होत असते आणि आईची जायच्या बेतात असते. आपल्याकडे साधारण ४५ ते ५० या वयात ती जाते; त्याआधीची काही वर्षं झोप उडते, अंगातून वाफा निघतात, रडू येतं, राग येतो. लग्नं उशिरा होऊ लागली तसा हा योग घरोघर जुळून यायला लागला आहे. दोघींच्या मध्ये सापडलेले वडील मला फोन करून विचारतात, "घरात नेमकं चाललंय काय?" त्यांना मी आधी शरीरशास्त्र सांगते, मग गप्प कधी बसायचं ते.

हे काम दुरून करणं नवीन आहे असं आजकाल कोणी म्हणालं, की मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. गणिताचा हा प्राध्यापक १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढतो, आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू करतो. योगायोग असा, की मुंबईचं नभोवाणी केंद्रही त्याच महिन्यात, २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. कर्व्यांना वाचक पत्रं लिहीत. ज्या गोष्टी बायकोशी, भावाशी, घरच्या डॉक्टरशीसुद्धा बोलता येत नाहीत, त्या ते पोस्टाने विचारत, आणि कर्वे त्यांना मासिकातून सरळ, कोरडी, नेमकी उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. विचारणारा माणूस समोर नसतो, म्हणूनच तो विचारतो, हे त्या पत्रव्यवहाराने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

तालुक्याच्या गावात समुपदेशनाची पाटी असलेला जिना चढणं सोपं नाही. खालच्या पानवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या शिकवणीपर्यंत सगळे बघतात. फोनवर हा जिना नसतो. माझा अनुभव असा, की पुरुष फोनवरच बोलते होतात. एका तरुणाने विचारलं होतं, "मुलगा होणार की मुलगी हे पुरुषाकडून ठरतं, हे मला माहीत आहे. आईला कसं सांगू?" खरा प्रश्न हाच आहे. गुणसूत्रांचा धडा शाळेच्या पुस्तकात असतो. दुसऱ्या मुलीनंतर सुनेला टोमणे मारणाऱ्या आईसमोर तो धडा म्हणायचा कसा, हे पुस्तकात नसतं. मग मी त्याची आई झाले. तो बोलला, मी फटकारलं. तो अडला, पुन्हा बोलला. तिसऱ्या खेपेला त्याने आवाज न चढवता वाक्य पूर्ण केलं. समोरासमोर बसून तो असा बोलला असता का, मला शंका आहे. बिचारा लाजूनच मेला असता.

म्हणूनच कॅमेऱ्याबद्दल माझं मत हल्ली जरा कडक झालं आहे. जोडप्यांच्या बैठकीत कॅमेरा चालू असला, की दोघंही माझ्याकडे तोंड करून बोलतात, जणू मी निवाडा देणार आहे. शिवाय पडद्यावर स्वतःचाही चेहरा दिसत असतो, त्यामुळे भांडतानासुद्धा केस नीट केले जातात. कॅमेरा बंद केला की ते एकमेकांकडे वळतात आणि मी ऐकत राहते. आवाजातून पुष्कळ कळतं : श्वास कुठे अडला, "बरं" म्हणताना दार किती जोरात लागलं. आकाशवाणीवर बसून बोलतेय म्हणून ही खुशामत समजू नका. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी दिसायचे कसे, हे 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांचं घर कुणाला परकं वाटलं नाही.

पण आवाज फसवतोही. "हो ताई, बरोबर आहे ताई" असं एका सुरात दहा वेळा ऐकू आलं, की मी थांबते. दारात कोण उभं आहे, मनगटावर वळ आहे का, फोन स्पीकरवर टाकलाय का, हे मला दिसत नाही. यासाठी सुरुवातीलाच एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवते. समजा, "सिलेंडर अजून आला नाही" असं बाई म्हणाल्या, की मी "चुकीचा नंबर" म्हणून फोन ठेवायचा आणि स्वतःहून परत लावायचा नाही. खरी वाक्यं वेगळी आहेत. ती रेडिओवर सांगण्यासारखी नाहीत. रात्री संदेश पाठवत नाही, कारण बऱ्याच घरांत फोन एकाचा आणि बघणारे चौघं असतात. कुठलीही बैठक ध्वनिमुद्रित करत नाही. पालकांच्या गटात कोणी दुसऱ्याच्या मुलाची हकिगत गटाबाहेर नेली, तर त्याचं नाव गटातून निघतं.

दोन गोष्टी पहिल्याच भेटीत स्पष्ट करते. घरात मारहाण होत असेल तर तो शिक्षणाचा विषय राहत नाही. "चिडू नये म्हणून काय करावं" असं मार खाणाऱ्या बाईला शिकवणं हा गुन्हा आहे असं मी मानते. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आणि त्या कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी आहे, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. दुसरी गोष्ट लहान मुलांची. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं मला कळलं, तर पोक्सो कायद्याने ते कळवणं मला बंधनकारक आहे. "कुणाला सांगू नका" हे वचन मी देऊ शकत नाही. हे ऐकून काहीजण फोन ठेवतात. तरी आधीच सांगितलेलं बरं.

दूरस्थ पद्धतीचा खरा उपयोग मला दिसला तो पांगलेल्या कुटुंबांत. कोकणातली घरं तर पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली. नवरा मुंबईत, बायको गावी, मध्ये मनीऑर्डर आणि गणपतीची रजा. आता तेच बार्शीत, अमळनेरमध्ये, नागपुरात झालं आहे. वडील अंथरुणाला खिळलेत, थोरला त्यांच्याजवळ, मुलगी न्यू जर्सीत, धाकटा मेलबर्नला. सगळ्यांना एकत्र बसवायचं म्हणजे वेळेपासून खटपट. आपल्याकडे रात्री साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे अकरा आणि तेव्हाच मेलबर्नला रात्रीचा एक. तरी बसतात. पूर्वी अशी माणसं थेट तेराव्याला भेटत.

या बैठकांत एक गोष्ट हमखास घडते. सर्वांत दूरचा माणूस सर्वांत जास्त सूचना करतो. "बाबांना फिजिओथेरपी रोज दोनदा हवी." "आईला एकटीला झोपवू नका." ज्या वहिनी रोज त्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालतात, त्या पडद्याच्या कोपऱ्यात गप्प असतात, किंवा चहा करायला उठून गेलेल्या असतात. त्यामुळे माझ्या बैठकीचा नियम असा : जो हाताने करतो त्याने आधी बोलायचं, कालच्या दिवसाचा तासातासाचा हिशोब सांगायचा. तो संपेपर्यंत परदेशवाल्यांनी ऐकायचं. त्यानंतर सूचना फार थोड्या उरतात आणि पैसे, रजा, रात्रीची बाई असं उपयोगाचं बोलणं सुरू होतं. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची, मुलीचीही, जबाबदारी ठरवली आहे. सुनेचं नाव त्यात कुठेही नाही, हे मी मुद्दाम वाचून दाखवते.

घरी बसून हे काम करण्याची माझी म्हणून एक फजिती आहेच. मी "मुलांशी बोलताना आवाज चढवू नका" असं सांगत असताना आतून माझ्याच घरात रिमोटवरून रणधुमाळी चालू असते, आणि पालकांच्या गटातलं कोणीतरी म्हणतं, "ताई, तुमच्याकडे पण?" त्याने वर्गाचा फायदाच होतो. जड पडतं ते नंतरचं. संस्थेत काम करताना अवघड भेटीनंतर शेजारच्या टेबलावर एक सहकारी असायची, चहा असायचा. इथे फोन ठेवला की तीन पावलांवर ओटा. ज्येष्ठ सहकाऱ्याशी आठवड्याची ठरलेली चर्चा मी कधी चुकवत नाही, ती यासाठी.

थोडं माझ्या धंद्याच्या विरुद्धही बोलायला हवं. अमेरिकेत नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स ही १९३८ साली स्थापन झालेली संस्था १९८५ पासून कौटुंबिक जीवन शिक्षकांना प्रमाणपत्र देते. त्यासाठी बालविकासापासून घरातल्या पैशाच्या व्यवस्थेपर्यंत आणि कायद्यापासून नीतिनियमांपर्यंत दहा विषयांची तयारी लागते. आपल्याकडे अशी सर्वमान्य कसोटी नाही. इंटरनेटवर सुंदर दिवाणखाना मागे ठेवून कोणीही संसाराचे सल्ले देऊ शकतं, आणि देतंही. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा : शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, कोणता प्रश्न आला तर दुसऱ्याकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे जाऊ नका. मन फारच खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल, तर आमच्यासारख्यांची वाट न बघता १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे.

आता माझी एक मागणी. नेटवर्क गावोगाव पोचलं, फोन हातोहात पोचला. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात तिथे दार लावून बोलायला जागा मात्र पोचली नाही. ती गच्चीवर, गिरणीवर, गाडीत शोधावी लागते, आणि ज्या बाईला गच्चीही नाही, तिचा फोन मला येतच नाही. आपल्या गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत आणि त्यांतली बरीच भर दुपारी बंद असतात. त्यांच्या कार्यकारिणींना विनंती आहे : आठवड्यातल्या दोन दुपारी एक खोली उघडी ठेवा. एक खुर्ची, एक पंखा आणि आतून लागणारी कडी, एवढंच लागतं. येणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका, आणि कुणाशी बोललात हेही विचारू नका.