चार विसा सतरा
(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बदलीच्या नोकरीतले. फ्रेंचचे पंडित नव्हे. परंतु गेल्या बदलीनंतर धाकट्या कन्येची पूर्वीची तिसरी भाषा नव्या शाळेत मिळेना, म्हणून तिने फ्रेंच घेतली आणि शाळेने तिला ‘डेल्फ’च्या पहिल्या पायरीच्या परीक्षेस बसविले. त्या तयारीची हकीकत सांगण्याची आज्ञा मंडळाने केली आहे.

या परीक्षेत १०० पैकी ५० गुण मिळाले की उत्तीर्ण. मात्र श्रवणाच्या २५ गुणांपैकी ५ तरी मिळवावेच लागतात, नाहीतर बाकीची सारी मेहनत व्यर्थ. सराव-परीक्षेत कन्येला तेथे ४ मिळाले. पुस्तक तर मुखोद्गत!

दोष आमचा होता. रोज सायंकाळी आम्हीच तिला धडे वाचून दाखवीत असू, तेही मराठीच्या सवयीने, लिहिले तसे. फ्रेंचमध्ये शब्दाअखेरचे व्यंजन बहुधा मुके असते आणि पुढे स्वर आला की पुष्कळदा बोलू लागते. ‘द’ म्हणजे दोन, ‘दूझ’ म्हणजे बारा. पण ‘दोन वाजता’चे होते ‘दझर’ आणि ‘बारा वाजता’चे ‘दूझर’. स्थानकावरील घोषणा ऐकून पोरीने दोनची गाडी बाराला सोडली.

आम्ही वाचन थांबविले आणि ध्वनिमुद्रणे आणली. परीक्षेत ती दोनदाच ऐकवितात, म्हणून घरीही दोनदाच. आधी प्रश्न वाचावयाचे; पहिल्या खेपेस कोण, कोठे, कशासाठी; दुसऱ्या खेपेस वेळ आणि आकडे. तिसऱ्यांदा ऐकण्याचा मोह, खरे सांगावयाचे तर, आम्हांलाच होई.

आकड्यांनी मात्र छळले. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. त्यात दूरध्वनीचा क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात. ‘चार’ कानी पडताच कन्या ४ लिहून मोकळी होई. एके दिवशी ती एकदम ओरडली, “बाबा, हे तर आजीचे विसा!” गावी आमच्या मातोश्री आजही आंबे विसांनीच मोजतात. मग आजी रोज रात्री फोनवरून दहा आकडे सांगू लागल्या, ‘चार विसा सतरा’, ‘तीन विसा पंधरा’. आणि कन्या ते फ्रेंचमध्ये म्हणून अंकांत उतरवू लागली.

श्रवणात तिला १७ मिळाले. निकाल प्रथम आजींना कळविला. त्या म्हणाल्या, “म्हणजे विसाला तीन कमीच की गं!”