हातावर वितळणारा धातू
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



धातू म्हटला की तो कठीण, जड आणि भट्टीतच वितळणारा, अशी आपली समजूत असते. अपवाद म्हणून आपणांस पारा ठाऊक असतो. परंतु पारा हा घरात खेळण्याचा पदार्थ नव्हे. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही आणि ती विषारी असते. आज आम्ही सांगणार आहो ते गॅलियम ह्या धातूविषयी. हा 29.76 अंश सेल्सिअसला वितळतो. तळहातावर तुकडा ठेवला तर थोड्याच वेळात त्याचे चकचकीत थेंब होतात.

परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की, हा धातू खोलीच्या तापमानाला घन असतो. खोली कोणाची, हे पुस्तक सांगत नाही. आपल्याकडे पौषातल्या सकाळी तो चांदीच्या तुकड्यासारखा घट्ट असतो; चैत्रातल्या दुपारी त्याच कपाटात तो पाण्यासारखा हलू लागतो. पुस्तक खोटे नाही, पण पुस्तकातील वाक्य आपल्या घरी पडताळून पाहावे लागते. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि ह्या धातूचा इतिहासही तेच सांगतो.

1871 साली मेंडेलीव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने आपल्या मूलद्रव्यांच्या कोष्टकात अ‍ॅल्युमिनियमखाली एक जागा रिकामी ठेवली आणि तेथे येणाऱ्या, कोणीही न पाहिलेल्या धातूचे गुण लिहून ठेवले. 1875 साली लकॉक द ब्वाबोद्रां ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला पिरिनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन नव्या जांभळ्या रेषा दिसल्या. तोच हा धातू. फ्रान्सच्या गॅलिया ह्या लॅटिन नावावरून त्याने त्याचे नाव ठेवले. त्याने घनता मोजली ती 4.7 आली. मेंडेलीव्हने कळविले की, ती 5.9 च्या आसपास असली पाहिजे, नमुना शुद्ध नसावा. ज्याने धातू हातात धरला त्याला, ज्याने तो पाहिलाही नाही त्याने असे सांगावे! पण लकॉकने वाद घातला नाही. त्याने धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला, आणि उत्तर 5.9 आले. दोघांचाही मान राहिला, कारण निवाडा तराजूने केला.

बालमित्रांनो, हा निवाडा तुम्हांला घरी करता येतो. तीस ग्रॅम गॅलियम गरम पाण्याच्या वाटीत प्लास्टिकच्या पिशवीसह ठेवून वितळवा, प्लास्टिकच्या ताटलीत त्याचे लहान लहान थेंब पाडा आणि थंडीत घट्ट होऊ द्या. मोजनळीत थंड पाणी घेऊन त्याची रेघ टिपून ठेवा. मग सर्व थेंब पाण्यात सोडा आणि चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढा. पाणी सुमारे 5.1 घनसेंटिमीटर चढले, तर घनता 5.9. पहिला आकडा खरा असता, तर ते जवळजवळ 6.4 चढले असते. एवढा फरक साध्या डोळ्यांना दिसतो.

आणखी दोन गमती पाहा. वितळलेले गॅलियम हळूहळू निवविले, तर पुष्कळदा ते 29 अंशांच्या खाली येऊनही द्रवच राहते. त्यात घन गॅलियमचा एक कण टाकला की गोठू लागते. आणि बर्फ जसा पाण्यावर तरंगतो, तसे घन गॅलियम द्रव गॅलियमवर तरंगते. गोठताना ते सुमारे तीन टक्के फुगते, म्हणून काचेच्या बाटलीत गच्च भरून ठेवू नये, बाटली तडकते.

आता माता-भगिनींसाठी महत्त्वाची गोष्ट. गॅलियम पाऱ्यासारखे विषारी नसले, तरी अ‍ॅल्युमिनियमचे ते वैरी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कणाकणांमधील फटींत ते शिरते आणि भांडे वरून धड दिसत असताना आतून ठिसूळ होते. प्रेशर कुकरला त्याचा थेंब लागला, तर केवढा अनर्थ ओढवेल ह्याचा विचार करा. म्हणून हे प्रयोग स्वयंपाकघरात करू नयेत. वापरलेली वाटी पुन्हा जेवणात घेऊ नये. सोन्यातही ते मिसळते, तेव्हा अंगठ्या-बांगड्या आधी काढून ठेवाव्यात. हातावर करडा डाग पडतो, तो साबणाने धुवावा. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखत प्रयोग करावा आणि काहीही तोंडात घालू नये.

हा धातू आपल्याला परकाही नाही. आपल्या बेळगावात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढण्याचा कारखाना आहे. बॉक्साइटमध्ये अत्यल्प गॅलियम असते, आणि जगातील बहुतेक गॅलियम अशाच प्रक्रियेतील द्रावणांतून मिळते. घराघरांतील पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या गाभ्यात गॅलियम नायट्राइड असते. त्यातून निघणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांना 2014 सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विश्वस्त मंडळींस एक विनंती आहे. ट्रस्टने आजवर मुलांना फी दिली, पुस्तके दिली. आम्ही वर्गात पाहतो की, घनतेची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांमुलींनी मोजनळी कधी हातातही धरलेली नसते. त्यांना सांगितलेले मानण्याची सवय लागते. पडताळण्याची लागत नाही. ही सवय शाळेपुरती राहत नाही. पुढे औषध, कर्ज, अफवा, सर्वच बाबतींत ती माणसाला नडते. म्हणून वाचनालयाच्या कपाटात पुस्तकांशेजारी एक पेटी ठेवावी. तीस ग्रॅम गॅलियम, एक लहान काटा, एक मोजनळी, एक थर्मामीटर आणि सूचनांचा एक कागद एवढे तीत पुरे. पुस्तकाप्रमाणेच ती आठवड्यासाठी घरी न्यावी, आणि मुलींनाही मुलांइतक्याच हक्काने मिळावी. धातू झिजून संपत नाही. एक मूल प्रयोग करून परत देईल, तर दुसरे घेऊन जाईल.